एकशे सतरा सर्वोत्तम विद्यार्थी

ज्या माणसाला तलावातल्या होडीतसुद्धा मळमळतं, त्याच्याकडे पोरांना समुद्रावर धाडायचं काम असावं, यातच त्या कॉलेजचं सगळं आलं. तिथे जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण मिळे. वर्गातलं शिक्षण संपलं की प्रत्येकाला कुठल्यातरी खऱ्या जहाजावर शिकाऊ म्हणून काही महिने काढावे लागत. त्याशिवाय पुढची परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय नोकरी नाही. ही शिकाऊ जागा मिळवून देणारा अधिकारी म्हणजे आपला हा गृहस्थ. वय बावन्न, केस मागे सरकलेले, पोट पुढे आलेलं. मुलं त्याला 'कप्तान सर' म्हणत, आणि ती मानाने म्हणतात अशी त्याची समजूत होती.

खरं तर कप्तानाची सगळी समुद्रसेवा अकरा दिवसांची. विसाव्या वर्षी तो एका मालवाहू जहाजावर शिकाऊ म्हणून चढला, पहिल्या दिवशी दुपारी जो बादलीला मिठी मारून बसला तो पहिलं बंदर आल्यावरच उठला, आणि सामान उचलून घरी आला. पुढे बत्तीस वर्षं त्याने ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने काढली त्या माणसाने आपल्यालाच समोर बसवलं असणार, असं तो स्वतःशी म्हणायचा आणि पुढच्या वर्गात जाऊन लाटांना कसं तोंड द्यावं यावर तासभर बोलायचा.

त्याचं काम म्हणजे मुख्यतः बसणं. शहरातल्या यच्चयावत जहाज कंपन्यांचे सोफे त्याला पाठ होते. कुठला रुततो, कुठला खुपतो, कुठल्यावर बसलं की पंख्याचं वारं लागतं. काखेत फाइल धरून तो बसून राही, आत बोलावलं की हात जोडी, आणि पत्र पुढे करी. पत्र एकच होतं. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने ते मोठ्या मेहनतीने रचलं होतं, त्यानंतर फक्त नाव बदलायचं. 'सदर विद्यार्थी शिस्तप्रिय, कष्टाळू व मनमिळाऊ असून या तुकडीतील सर्वोत्तम विद्यार्थी आहे.' यात खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. पोरगं जहाजावर चढलं म्हणजे झालं. लग्न जुळवणारी माणसं तरी दुसरं काय करतात?

त्याच्या खोलीतल्या फळ्यावर चाळीस मुलांची नावं होती आणि प्रत्येकापुढे जहाजाचं नाव. एकाच नावापुढची जागा दोन वर्षं रिकामी होती. ती मुलगी वर्गात 'दुरुस्ती' या नावाने ओळखली जाई, कारण शिक्षक फळ्यावर काही चुकले की तिचा हात वर गेलाच म्हणून समजा. हुशारीत तिच्या जवळपास कुणी नव्हतं. पण निम्म्या कंपन्या म्हणत, जहाजावर मुलीसाठी वेगळी केबिन नाही. ज्या एकीने मुलाखतीला बोलावलं, तिथे तिने मुलाखत घेणाऱ्या निवृत्त कप्तानालाच सांगितलं की तुमच्या भिंतीवरचा नकाशा जुना आहे, त्यातला हा दीपस्तंभ बंद होऊन चार वर्षं झाली. त्याने उठून नकाशा पाहिला, तिचं बरोबर निघालं, आणि जागा दुसऱ्याला गेली.

आता मुदत संपत आली होती. कोर्स झाल्यापासून दोन वर्षांत जहाज मिळालं नाही तर सगळं शिक्षण बाद, असा नियम. महिनाअखेरीला तिची दोन वर्षं पुरी होत होती. तिची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायची, आणि मुलगी स्वतः एका दुकानात झेरॉक्स मशीनवर उभी राहून दुसऱ्यांची सर्टिफिकेटं छापायची. पुन्हा पहिल्यापासून शिकायला त्या घरात ना पैसा होता ना वेळ. हे सगळं कप्तानाला माहीत होतं, आणि फळ्याकडे पाठ करून बसायची सवय त्याने लावून घेतली होती.

त्या बुधवारी तो ज्या कंपनीत गेला, तिथल्या भरती बघणाऱ्या बाई कमी बोलत आणि खूप ऐकत. त्यांच्याकडे एकच जागा होती. कप्तानाने घसा साफ केला, एक मुलगी आहे म्हणाला, आणि दुरुस्तीचं नाव घातलेलं पत्र पुढे केलं.

बाईंनी ते वाचलंच नाही. कपाटातून एक जाडजूड फाइल काढून त्याच्यापुढे ठेवली.

"उघडा."

त्याने उघडली. वर त्याचं पत्र. खाली त्याचं पत्र. त्याच्या खाली त्याचंच पत्र.

"एकशे सतरा आहेत," बाई म्हणाल्या. "मी मोजली. नऊ वर्षांत एकशे सतरा सर्वोत्तम. गेल्या तुकडीतलेच चौदा. तुकडी केवढ्याची होती, सर?"

"चाळीस."

"मग बाकीचे सव्वीस?"

"ते..." कप्तानाच्या तोंडून निघून गेलं, "ते दुसऱ्या कंपन्यांकडे सर्वोत्तम होते."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइलमधून एक पत्र बाजूला काढलं. "हा उंच मुलगा आठवतो? तिसऱ्या आठवड्यात मास्टवर दिवा बदलायला चढवला, तर वर जाऊन जो शिडीला चिकटला तो खाली येईना. दोन तास लागले त्याला उतरवायला. उंचीची भीती. तुम्हाला माहीत होतं?"

कप्तानाने पायाकडे पाहिलं. त्या मुलाने जायच्या आदल्या दिवशी त्याच्या खोलीत येऊन, दार लावून, अगदी हळू आवाजात हेच सांगितलं होतं. आणि कप्तानाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, होईल रे सवय.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मला माहीत असतं तर मी त्याला महिनाभर शिडीखाली उभं ठेवलं असतं, मग हळूहळू चढवलं असतं. चांगला खलाशी झाला असता." बाईंनी फाइल मिटली. "आता असं करा. या मुलीबद्दल पत्र आणा, पण तिच्यात काय खोट आहे ते लिहून. गुण मला नकोत, गुण इथे ढिगाने पडलेत. उद्या बाराला माणसांची यादी जहाजावर जाते. बाराच्या आत आणा, नाहीतर मी दुसरं नाव टाकते."

घरी येऊन कप्तान कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. एकशे सतरा वेळा गुण लिहिलेल्या हाताला दोष लिहायला सांगणं म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हाताने जेवायला लावण्यासारखं झालं. अर्ध्या तासाने त्याने बायकोला हाक मारली. बायको शाळेत गणित शिकवायची आणि वह्या तपासत पलीकडे बसली होती.

"ऐक. 'सदर विद्यार्थिनी कधीकधी गरजेपेक्षा जास्त मेहनत करते.'"

"पुढे?"

"'तिला स्वतःच्या विश्रांतीची पर्वा नसते. कामात अचूकतेचा तिचा आग्रह काहींना जाचक वाटू शकतो.'"

बायकोने लाल पेन खाली ठेवलं. "अहो, हे दोष आहेत की मुलगी दाखवायचा कार्यक्रम? आमच्या मुलीत एकच वाईट, फार प्रेमळ आहे हो!"

"मग काय लिहू? चोर आहे म्हणून?"

"जे आहे ते लिहा. किती वर्षं ओळखता तिला?"

"चार."

"मग एक तरी सांगता येईल की. माझे विचारले असते तर रांग लावली असती तुम्ही."

कप्तानाने आठवून पाहिलं. चार वर्षं ती मुलगी त्याच्या खोलीत येत होती, आणि त्याला तिचे मार्क माहीत होते, उंची माहीत होती, डोळ्यांच्या तपासणीचा नंबर माहीत होता. ती कशाला घाबरते, कशावर चिडते, कुठे अडखळते, यातलं ओ की ठो त्याला ठाऊक नव्हतं. ज्या पोरांसाठी आपण सोफे झिजवले म्हणून तो चारचौघांत छाती फुगवायचा, त्यांतल्या एकालाही त्याने कधी नीट विचारलं नव्हतं. उंच मुलाने आपणहून सांगितलं होतं, तर त्यालाही गप्प बसवलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कागद चुरगाळून टाकतानाही त्याने बायकोकडे पाहायचं टाळलं.

"तिलाच विचारा ना," बायको वहीतून मान वर न करता म्हणाली. "तिला माहीत असेल."

सकाळी नऊला दुरुस्ती त्याच्या खोलीत हजर झाली. दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आली होती, बोटांना झेरॉक्सची काळी पूड तशीच होती. कप्तानाने सगळी हकिकत सांगितली. बाईंचं म्हणणं, बाराची वेळ, एकशे सतरा पत्रं. उंच मुलाचंही सांगितलं, कारण आता लपवून काय राहिलं होतं.

"तर तुझ्यात काय खोट आहे ते सांग," तो म्हणाला, आणि हे वाक्य कानाला कसं लागतं ते ऐकून घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे तशी नसेलच, पण एखादी बारीकशी..."

"आहे की," ती म्हणाली. "मी लोकांच्या चुका तोंडावर दाखवते. थांबून, बाजूला घेऊन सांगायला पाहिजे, ते मला जमत नाही."

"हे सगळ्यांना माहीत आहे. आणखी?"

तिने खिडकीबाहेर मैदानाकडे बोट दाखवलं. मैदानाच्या टोकाला आग विझवायच्या सरावाची लोखंडी खोली होती. आत धूर कोंडायचा, मुलांनी मास्क लावून जोडीने शिरायचं आणि आतला पुतळा शोधून बाहेर आणायचा, असा तो सराव.

"पहिल्या वेळी मी त्या खोलीत गेले आणि बसले," ती म्हणाली. "आत काही दिसेना. पाठ भिंतीला लागली आणि खाली बसले. पाय हलेनात. जोडीदार पुढे गेला, त्याला कळलंच नाही. पुतळा घेऊन तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या मागून निघाले. सगळ्यांनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या. मी कुणाला सांगितलं नाही."

"किती वेळ बसली होतीस?"

"सहा मिनिटं. पाठीवरच्या नळकांड्यातल्या हवेच्या काट्यावरून हिशोब केला नंतर."

कप्तान सावरून बसला. जहाजावर आग लागली की पळायला रस्ता नसतो, तिथे धुरात बसून राहणारा माणूस कुणाला हवा असेल? "मग?"

"मग शिकवणाऱ्यांकडून दर शनिवारी किल्ली मागून घेतली. सराव करायचाय एवढंच सांगितलं. अकरा वेळा गेले आत."

"आता भीती गेली ना?"

"नाही. वाटते. पण पाय चालतात."

कप्तान खुर्चीत मागे टेकला. "हे लिहिलं तर जागा हातची जाईल, बाळा."

"आणि न लिहिता जागा मिळाली, आणि तिकडे एखाद्या दिवशी परत पाय चाललेच नाहीत, तर? माझ्याबरोबर जो आत येईल त्याला आधी माहीत नको?"

बत्तीस वर्षं झाकलेली मूठ कप्तानाला अचानक जड वाटायला लागली. तो म्हणाला, "तुला एक सांगतो. कुणाला बोलू नकोस. मी स्वतः जहाजावर..."

"अकरा दिवस," ती म्हणाली. "माहीत आहे, सर. बादली."

"तुला कुणी सांगितलं?"

"सिनियर सांगतात. पहिल्याच आठवड्यात, वसतिगृहाचे नियम सांगतात त्याच्यानंतर. सगळ्या तुकड्यांना माहीत आहे. म्हणून तर..." ती थांबली. तिला वाक्य गिळताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणून तर कप्तान," त्याने पुरं केलं.

क्षणभर त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग त्याला हसू आलं. तेही चांगलंच, खुर्ची करकरेपर्यंत. बत्तीस वर्षं घरात, कॉलेजात, समारंभात जे गुपित त्याने जिवापाड जपलं, ते दर वर्षी चाळीस नव्या पोरांना अंथरूण-पांघरुणाबरोबर वाटलं जात होतं, आणि तरी ती पोरं त्याच्यापुढे बसून लाटांवरचा तास गुमान ऐकून घेत होती. दुरुस्तीही हसली. दोघं असे कधी एकत्र हसले नव्हते.

त्याने पेन घेतलं आणि हाताने लिहायला बसला. 'ही मुलगी सर्वांसमोर चूक दाखवते आणि बहुधा तिचं बरोबर असतं, त्यामुळे जास्त राग येतो.' हे वाक्य त्याला स्वतःलाच आवडलं. मग शनिवारच्या सरावाचं लिहिलं, भीती अजून आहे हेही लिहिलं. पत्र संपलं तेव्हा अकरा वाजायला आले होते. खरेपणाने त्याचा ऊर भरून आला होता. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने सावकाश वाचलं. मध्येच एका ओळीवर थांबली, त्याचं पेन उचललं आणि दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारली.

"अगं!"

"'पहिल्या सरावात ती धुराच्या खोलीत काही क्षण बसून राहिली.' काही क्षण नाही, सर. सहा मिनिटं."

कप्तानाने वाचलं. खरंच 'काही क्षण' लिहिलं होतं. कधी लिहिलं, त्याला कळलंही नव्हतं. हात आपला जुन्या वाटेने गेला होता. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो असा.

तिने रेघेवर 'सहा मिनिटे' लिहिलं आणि बाजूला आपल्या नावाची दोन अक्षरं टाकली. "लॉगबुकात असंच करायचं ना? खाडाखोड नाही, खोडरबर नाही. एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कुणी दुरुस्त केलं त्याची सही. तुम्हीच शिकवलंय."

त्यानेच शिकवलं होतं. जहाजाच्या नोंदवहीबद्दलचा तो तास वर्षातून एकदा तो घेत असे, लाटांच्या तासाइतक्याच अधिकाराने.

"थांब, दुसऱ्या कागदावर नीट उतरवून काढतो. असं खोडलेलं कसं द्यायचं?"

"अकरा वाजून दहा झालेत, सर. तुमची बस."

तो खोडलेलाच कागद घेऊन धावला. पोट धरून, फाइल सावरत, दोन जिने चढून बाईंच्या दारात पोहोचला तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. या वेळी सोफ्यावर बसायची वेळच आली नाही.

बाईंनी पत्र वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना. एकदा वाचून झालं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचायला घेतलं. कप्तान मनातल्या मनात बचाव रचत होता: पुढच्या सरावात ती सर्वांत आधी बाहेर आली, मार्क पहिल्या श्रेणीचे आहेत. जिभेच्या टोकावर 'सर्वोत्तम' येऊन बसलं होतं. त्याने दात घट्ट मिटले.

"हे खोडलंय कुणी?" बाईंनी रेघेवर बोट ठेवलं.

"तिनेच."

"आधी 'काही क्षण' तुम्ही लिहिलं होतंत."

"हो."

"आणि तिने सहा मिनिटं केलं. स्वतःच्या विरुद्ध."

"हो."

बाईंनी रेघ पुन्हा पाहिली, बाजूची अक्षरं पाहिली. मग यादीचा कागद पुढे ओढून एक नाव लिहिलं. "अशी मुलगी रात्रपाळीत नोंदवही लिहीत असली तर जहाजाचा कप्तान निश्चिंत झोपतो," त्या म्हणाल्या. "धुराचं मी जहाजावर कळवते, महिनाभर तिला सरावात अनुभवी माणसाबरोबर ठेवतील. सव्वीस तारखेला रुजू व्हायचंय. वैद्यकीय तपासणी सोमवारी."

कप्तानाने हात जोडले. बाईंनी पत्र फाइलमध्ये लावलं नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. "बाकीचं पत्रही बरंय," त्या म्हणाल्या, दार उघडताना एखाद्याला छत्री घ्या म्हणावं तसं.

जिन्यात उभं राहून त्याने फोन लावला. त्याला आनंद होत होता आणि लाजही वाटत होती, दोन्ही एकदमच. नऊ वर्षांत त्याने हजारो शब्द लिहिले होते, आणि कामाला आले ते दोन त्याचे नव्हते. 'माझं पत्र आवडलं त्यांना,' असं सांगायचा मोह त्याला झाला, हे कबूल करायला हवं. फोन वाजत होता तेवढा वेळ झाला.

"मिळाली," तो म्हणाला. "सव्वीसला. ऐक, त्यांनी तुझी रेघ बघितली. तुझी रेघ आणि सहा मिनिटं, त्याच्यावरच दिली त्यांनी जागा. माझं काही नाही त्यात."

पलीकडून "आई!" अशी किंकाळी, फोन कुठेतरी फळीवर ठेवल्याचा ठक आवाज, धावणारी पावलं. फोन बंद करायला ती विसरली होती. धोबीखान्यातून जेवायला घरी आलेली आई "काय झालं गं, काय झालं" म्हणत होती, मग दोघी रडत होत्या, मध्येच हसत होत्या, कुठलंतरी भांडं खाली पडलं. कप्तान फोन कानाला लावून ऐकत राहिला. त्याची बस समोरून निघून गेली.

"कुणी गं केलं एवढं आपल्यासाठी?" आईने विचारलं.

"आमच्या सरांनी," मुलगी रडत म्हणाली. "सगळं सरांनीच केलं."

"अगं नाही," कप्तान फोनमध्ये ओरडला. "चूक सांगतेस! तूच केलंस ते!" जिन्यावरून उतरणाऱ्या शिपायाने थांबून त्याच्याकडे पाहिलं. कप्तान आणखी दोनदा ओरडला, पण फोन फळीवर होता, आणि त्या घरात ऐकायला कुणी मोकळं नव्हतं.